महांतेश अण्णाचं नाक

पांढरा रस्सा कुठं चांगला मिळतो यावरून कोल्हापुरात दोन माणसं भांडायला लागली, तर तिसरा सोडवायला जात नाही, तोही आपल्या हॉटेलाचं नाव घेऊन भांडायला लागतो. पण त्या रश्श्याबरोबर प्यायचं काय, यावर ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलात बावीस वर्षं एकाच माणसाचा शब्द चालला. त्याचं नाव महांतेश हत्तरगी. गाव गडहिंग्लजच्या खाली, कर्नाटकाच्या शिवेला लागून, घर लिंगायताचं. सगळे त्याला अण्णा म्हणायचे, मालकसुद्धा. आणि ऐका, ज्या माणसानं पांढऱ्या रश्श्यावर शार्डोने नावाची पांढरी वाईन घ्यायला गावाला शिकवलं, त्यानं जन्मात रस्सा चाखला नव्हता आणि वाईनचा थेंब घशाखाली जाऊ दिला नव्हता.

मटणाचा तर घरात प्रश्नच नव्हता. वाईनचं असं झालं, की नोकरी लागली त्या दिवशी आईनं, बसव्वानं, त्याला गळ्यातल्या लिंगावर हात ठेवायला लावला. "हात लाव, वास घे, पावण्यास्नी वाढ. पन घशाखाली उतरलं तर माझ्या हातचं जेवायचं न्हाय." अण्णानं शब्द दिला आणि पाळला. वाईन तोंडात घ्यायची, गालात घोळवायची, थुंकायची, चूळ भरायची. बाहेरच्या देशांतले मोठे जाणकारही थुंकतातच, असं तो ऐटीत सांगायचा. खरं असेल ते. पण त्यांना घरी गेल्यावर दोन घोट उतरवायची मुभा असते. ह्याचं सगळं दुकान एका नाकावर चाललेलं.

स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो रश्श्याची वाफ ओढून घ्यायचा. नारळाचं दूध, काजू, खसखस, वेलदोडा. मग कपाटाशी जाऊन ग्लास हुंगायचा, परत वाफेकडं यायचा. आचारी वैतागून म्हणायचे, अण्णा, दारातनं तरी सरका. असं चार दिवस केल्यावर त्याला जोडी सापडली होती: लाकडी पिंपात मुरलेली शार्डोने. तांबड्या रश्श्यावर मात्र तो ती कुणाला घेऊ द्यायचा नाही. तिखटावर ती कडू होते, म्हणायचा, तिथं थोड्या गोडसर अंगाची शेनिन ब्लाँ घ्या. तळलेल्या मासळीवर सॉव्हिन्यॉ ब्लाँ. पहिल्यांदाच पिणाऱ्याला शार्डोने द्यायचीच नाही, ती दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला कळते.

पुस्तकांत लिहिलेली फळं त्यानं बघितलीसुद्धा नव्हती. म्हणून त्यानं आपल्या घरचे वास लावून घेतले. शार्डोने म्हणजे लोणी कढत आलंय पण तळाची बेरी अजून लाल व्हायचीय, तो वास. सॉव्हिन्यॉ म्हणजे हिरवी कैरी फोडली आणि शेजारी कुणीतरी गवत कापतंय. शेनिन म्हणजे पिकायला आलेला पेरू. गिऱ्हाईक हसायचं, मग ग्लासात नाक घालायचं, मग हसायचं थांबायचं. त्या एका क्षणासाठी अण्णा जगत होता, असं म्हटलं तर खोटं होणार नाही. लग्न केलं नाही, मित्र मोजके, देवळात जायचा तोही आईला घेऊन. सुख म्हणून जे काही होतं ते त्या नाकातनं आत यायचं.

आपली माणसं मात्र आपलीच. ग्लास तिसरा हिस्सा भरला की लगेच, "काय वो अण्णा, हात आखडला व्हय? भरा की."

"पावणं, ती मोकळी जागा वासासाठी ठेवलीया. भरली तर वास बसंल कुठं?"

बर्फ मागितला की तो एवढंच म्हणायचा, "थंडगार पाण्यानं आंघोळ केलेल्या माणसाला गाणं म्हण म्हटलं तर म्हनंल काय? फ्रीजमधनं काढलीया, पंधरा मिनिटं थांबा, बोलायला लागंल ती." लोक थांबायचे. कोल्हापूरच्या माणसाला जेवणापुढं पंधरा मिनिटं थांबवणं ही काय साधी गोष्ट नव्हे.

मग ह्या वर्षी माघात त्याला ताप आला. तीन दिवसांचा, साधा. चौथ्या दिवशी तो स्वयंपाकघरात शेगडीकडं पाठ करून पेपर वाचत बसला होता आणि बसव्वा आतनं ओरडत आली. दूध उतू जाऊन, आटून, पातेल्याला करपून काळं झालं होतं. घरभर धूर. अण्णा शेगडीपासून दोन हातांवर बसलेला.

"झोपला हुतास काय?"

तो झोपला नव्हता. त्याला वास आला नव्हता.

सर्दी असेल म्हणून त्यानं चार दिवस काढले. मग कामावर जाऊन शार्डोने उघडली, ग्लासात नाक घातलं. पाणी. नुसतं पाणी. त्यानं दुसरी बाटली उघडली, तिसरी उघडली. फिनेल हुंगलं, हिंगाची डबी हुंगली, स्कूटरच्या टाकीचं झाकण काढून पेट्रोलवर वाकला. डॉक्टर म्हणाले, तापानं नाकातल्या नसा दुखावल्या आहेत, सहा महिन्यांनी वास येईल, वर्षानं येईल, कुणाकुणाचा येतही नाही. चार बाटल्या करायला सांगितल्या: लवंग, लिंबू, गुलाबपाणी, निलगिरी. रोज सकाळी एकेक हुंगायची आणि तो वास आठवायचा. अण्णा रोज सगळ्यांच्या आधी हॉटेलात जाऊन, कोठीच्या खोलीत देवापुढं बसल्यासारखा त्या चार बाटल्यांपुढं बसायचा. आठवण यायची, वास यायचा नाही.

एका रविवारी तो बस धरून बिद्रीकडं गेला. तिकडं एक गुऱ्हाळ अजून चालू होतं, हंगामातलं शेवटचं. कढत्या काहिलीवर तो एवढा वाकला की गुळव्यानं त्याला खांद्याला धरून मागं ओढलं. लहानपणी कोसभरावरनं ज्या वासामागं पळत जायचा, त्या वाफेत त्याचं तोंड भिजून गेलं. गुळव्यानं वाटीत गरम काकवी दिली. त्यानं चाटली. गोड लागली. नुसती गोड. अण्णा तिथंच उसाच्या चिपाडांवर बसून रडला, पन्नाशी ओलांडलेला माणूस. गुळव्याला वाटलं घरात कुणी गेलं असेल. त्यानं पाणी आणून दिलं.

हॉटेलात त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगून करणार काय? ज्या माणसाला दुसरं काही येत नाही, तो असलं बोलतो होय? बावीस वर्षांचं पाठ होतं सगळं, त्यावर तो चालवत होता. बाटलीवरचं वर्ष बघायचा, रंग बघायचा, जिभेवर आंबट-गोड तेवढं कळायचं. आणि शेजारी स्नेहल होती. गारगोटीची पोरगी, हॉटेलचं शिक्षण घेऊन आलेली. घरच्यांनी ह्या कामाला नको नको म्हटलं तरी आलेली. दोन वर्षं अण्णानंच तिला शिकवलं होतं आणि तिचं नाक असं तयार झालं होतं की तो मनातल्या मनात म्हणायचा, आपल्या मागं हीच. आता तो तिला आधी ग्लास द्यायचा, "बग बरं, काय वाटतंय," आणि तिच्या तोंडाकडं बघायचा. तिच्या भुवया वर गेल्या की बाटली चांगली. नाकाची शेंडी आखडली की बाजूला. हे सोंग कुणाला कळत नाही असं त्याला वाटत होतं.

वैशाखात मात्र त्याचा धीर सुटला. दुपारची वेळ होती, कोठीच्या खोलीत तो एकटाच होता. त्याला वाटलं, कोण जाणे, वास पुढनं बंद झाला असेल, घशाच्या अंगानं वर येईल. गिळलंच नाही कधी तर कळणार कसं? त्यानं ग्लास भरला, तिसरा हिस्सा नाही, काठोकाठ भरला, आणि डोळे मिटून प्याला. थंड लागलं, आंबट लागलं, छातीत ऊब उतरली. बाकी काही नाही. बावीस वर्षांचा शब्द त्यानं मोडला होता आणि हाताला काही लागलं नव्हतं. बडीशेप खाऊन तो घरी आला.

बसव्वा भाकरी थापत होती. तो शेजारी बसला, तसे तिचे हात थांबले. मग तिनं परात बाजूला सारली.

"मगा," ती म्हणाली. लेकराला ती अजून कानडीतच हाक मारायची. "तोंडाला वास येतोय तुझ्या."

त्याला तो वास येत नव्हता, ही त्यातली खरी मौज बघा. ऐंशी वर्षांच्या म्हातारीला चुलीच्या धुरातनं येत होता आणि त्याला स्वतःच्या तोंडाचा येत नव्हता. मग त्याला राहवलं नाही. त्यानं सगळं सांगितलं, तापापासून गुऱ्हाळापर्यंत, आजच्या ग्लासापर्यंत. बसव्वानं हातावरचं पीठ झाडलं. मग तिनं पदरानं त्याचं नाक पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं, आणि म्हणाली, "मालकाला सांग. लपवू नगंस."

"सांगितलं तर उद्यापासनं मला गाड्या लावायला उभा करतील, अव्वा."

"कर की मग ते. त्यात काय लाज हाय?"

भाकरी तिनं वाढली, पण रोजच्यासारखी आपल्या हातानं मोडून दिली नाही.

जूनच्या शेवटी वर्षाची वाईन निवडायचा दिवस आला. दरवर्षी हा अण्णाचा दिवस. एका कंपनीचा माणूस सहा बाटल्या घेऊन आला होता, मालक पृथ्वीराज पांढरा शर्ट घालून टेबलाच्या टोकाला, स्नेहल वही घेऊन उभी. शेनिन झाली, सॉव्हिन्यॉ झाली. स्नेहलच्या भुवयांवर अण्णानं दोन्ही पार पाडल्या. मग शार्डोने आली. कंपनीच्या माणसानं त्याच वेळी अण्णाला काहीतरी विचारलं, म्हणून त्याचं तिकडं लक्ष गेलं, आणि स्नेहलनं ग्लासात नाक घालून काढलं ते त्यानं बघितलं नाही.

"अण्णा, ही बिघडलीया," ती मोठ्यानं म्हणाली. "सफरचंद कापून ठेवून विसरलं की येतो, तसा वास मारतोय. उन्हाळाभर पत्र्याखाली तापली असणार."

कंपनीचा माणूस हसला. "मॅडम नवीन आहेत वाटतं. लाकडी पिंपातली आहे, असाच वास असतो. अण्णांना विचारा की." आणि सगळ्यांनी अण्णाकडं बघितलं.

त्यानं ग्लास उजेडात धरला. रंग गडद सोन्यासारखा होता. पिंपात मुरलेल्या शार्डोनेला असा रंग येतो. तापून मेलेलीलाही येतो. ह्या दोहोंत निवाडा करायला नाकच लागतं. त्यानं वास घेतला, म्हणजे घेतल्यासारखं केलं. एक शब्द पुरला असता, पोरगी म्हणतेय ते खरं हाय. पण तो शब्द बोलायचा म्हणजे हॉटेलात नाक कुणाचं आहे हे मालकासमोर मान्य करायचं. भीतीनंच त्याला राग आला, स्वतःचा नाही, तिचा.

"तुला अजून कळत न्हाय," अण्णा म्हणाला. "ह्यो लाकडाचा वास हाय. दोन वरसात शानी झाली व्हय तू? वही लिही तेवढी."

स्नेहल त्याच्याकडं बघत राहिली. पृथ्वीराज तिच्यावर चिडले. बाहेरच्या माणसासमोर मालाला नावं ठेवतात का, म्हणाले, उद्यापासून लग्नाच्या हॉलवर जायचं, ताटं मोजायला. ती मान खाली घालून वही ठेवून गेली. माल घेतला गेला. तिसऱ्या दिवशी ती हॉलवरही आली नाही, गारगोटीला निघून गेली.

त्या आठवड्यात अण्णाला जेवण गेलं नाही. त्या शार्डोनेचे खोके येऊन पडले होते. त्यातली एकेक बाटली तो उघडायचा, नाक आत खुपसून इतका श्वास ओढायचा की डोळ्यांपुढं अंधारी यायची. चूक तिची निघावी, एवढीच त्याची इच्छा होती. कुठून तरी लोण्याचा, लाकडाचा, कशाचाही वास यावा. शेवटी त्यानं तिला फोन लावला.

"स्नेहल, मला वास येत न्हाय. माघापासनं. तू म्हणत हुतीस ते खरं असणार."

ती म्हणाली, "मला ठाऊक हाय अण्णा. चैत्रापासनं ठाऊक हाय."

"मग बोलली न्हाईस?"

"काय बोलू? तुम्ही माझ्या तोंडाकडं बघायला लागला तेव्हाच कळलं. म्हणून तर भुवया एवढ्या वर न्यायची मी, तुम्हाला नीट दिसाव्यात म्हणून. त्या दिवशी तुमचं लक्ष न्हवतं, म्हणून तोंडानं सांगावं लागलं."

अण्णानं विचारलं, "परत येतीस?"

"आता कसली येतीय. घरात स्थळं बघायला लागल्यात. वडील म्हणतात, बघितलंस ना तिथं काय किंमत हाय ती." आणि वर, "कोठीतल्या त्या चार बाटल्या बघितल्यात मी. हुंगताय न्हवं रोज? सोडू नका," म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मालकाच्या खोलीत गेला. बसायला सांगितलं तरी बसला नाही. नाक गेल्याचं सांगितलं, स्नेहलचं सांगितलं, शार्डोनेचा सगळा माल बिघडलेला असल्याचं सांगितलं. मला काढा, म्हणाला, पण पोरीला बोलावून घ्या आणि तो माल परत पाठवा. रात्रभर घोकून आणलेलं सगळं त्यानं एका दमात बोलून टाकलं.

पृथ्वीराज वाईट माणूस नव्हते. त्यांनी उठून अण्णाच्या खांद्यावर हात ठेवला.

"अण्णा, वाईट वाटलं ऐकून. दवाखान्याचं काय लागलं तर सांगा. पण मला एक सांगा, माघापासनं एक तरी तक्रार आली? एकानं तरी बाटली परत पाठवली?"

"न्हाय."

"ह्या मालाच्या दहा दिवसांत एवढ्या बाटल्या गेल्या, कोण काय बोललं?"

"न्हाय."

"मग तुम्ही कशाला जीवाला लावून घेताय? लोक तुमच्या तोंडाकडं बघून पितात अण्णा. तुम्ही चांगली म्हणा, चांगली लागंल. जावा, काम बघा. आणि पोरीचं म्हणाल तर दुसरी बघू."

हाकलून दिलं असतं तर अण्णाला बरं वाटलं असतं. तो बाहेर आला आणि जिन्यावर उभा राहिला. तो बावीस वर्षं वाफेत उभा राहिला, थुंकला, बाटल्या बाजूला काढल्या, ह्याला लोणी, त्याला कैरी, असं एकेक माणसाला समजावलं. आणि त्यातलं काहीच कुणाला लागत नव्हतं. नाक होतं तेव्हाही लागत नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी कबनूरचे एक यंत्रमागवाले बायकोला घेऊन आले. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. पांढरा रस्सा सांगितला आणि हाक मारली, "अण्णा, तुमची ती शार्डोने आणा."

अण्णा टेबलाशी गेला. इकडंतिकडं बघितलं नाही, आवाजही बारीक केला नाही. "पावणं, ती नगा घेऊ. माल बिघडलाय. शेनिन देतो, ती चांगली हाय."

"चेष्टा करताय व्हय? परवा माझ्या मेव्हण्यानं तीच घेतली. लई तारीफ करत हुता."

"खरं सांगतोय. आणि मला आता वास बी येत न्हाय. ताप आलता, त्यात गेला. माझ्या सांगण्यावर जाऊ नगा."

मागवाले बायकोकडं बघून हसले. "बघितलंस? लोक उगंच म्हणत न्हाईत. स्वतः असं म्हणणारा माणूस कधी बघितला हुतास? आणा अण्णा, तीच आणा, आज पैल्यांदा हिला पाजायचीय."

त्यानं आणली. त्यांच्यापुढं उघडली. तिसरा हिस्सा ओतली. बाईंनी ग्लास दोन्ही हातांत धरला, लाजत नाक आत घातलं आणि डोळे मिटले. टेबलावरचं रश्श्याचं वाडगं वाफाळत होतं.

"चंदन उगाळल्यागत येतोय की वो," त्या म्हणाल्या. चेहरा उजळला होता त्यांचा. त्यांनी ग्लास उचलून अण्णाच्या नाकापुढं धरला. "बघा की. येतोय न्हवं?"

अण्णा वाकला. त्यानं छातीभर श्वास घेतला.

"येतोय," तो म्हणाला.